नोकरीचा अर्ज : चार गैरसमज

पदवीचा निकाल लागला की बायोडेटाची घाई सुरू होते. बरेच जण मित्राची फाइल मागवतात, नाव-पत्ता बदलतात आणि तीच सगळीकडे पाठवतात. काम येणारी मुलेही मग मुलाखतीपर्यंत पोहोचत नाहीत.

गैरसमज १ : सगळी वैयक्तिक माहिती द्यावी लागते.
वस्तुस्थिती : खासगी नोकरीच्या सीव्हीत वडिलांचे नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांची गरज नसते. नाव, मोबाइल, ईमेल आणि शहर पुरे. आधार, पॅनचे क्रमांक मुळीच लिहू नका. त्यांचा गैरवापर होऊ शकतो. एमपीएससीसारख्या सरकारी भरतीत मात्र ठरलेला ऑनलाइन अर्ज असतो. तिथे जन्मतारीख, प्रवर्ग वगैरे तपशील कागदपत्रांप्रमाणेच बिनचूक भरावे लागतात.

गैरसमज २ : एकच सीव्ही सगळीकडे चालतो.
वस्तुस्थिती : जाहिरात शेजारी ठेवून सीव्ही लिहा. टॅली, जीएसटी, बँक रिकन्सिलिएशन मागितले असेल, तर त्यातले जे येते ते पहिल्या अर्ध्या पानातच दिसू द्या. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातात, म्हणून जाहिरातीतलेच शब्द वापरा. सीव्हीचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. मजकूर कॉपी करता येईल अशी पीडीएफ पाठवा.

गैरसमज ३ : फ्रेशरकडे लिहिण्यासारखे काही नसते.
वस्तुस्थिती : असते, पण आपणच ते कामात धरत नाही. पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम केलेला विद्यार्थी सीव्हीत ‘मेहनती, प्रामाणिक’ एवढेच लिहितो. त्याऐवजी लिहा : ‘कॉलेज ग्रंथालयात दोन वर्षे, रोज तीन तास, पुस्तकांची देवघेव आणि संगणकावरील नोंदी.’ घरच्या किराणा दुकानाची उधारी एक्सेलमध्ये ठेवली असेल, तर तेही अकाउंट्सचेच काम आहे. किती खाती, किती महिने, हे आकड्यांत सांगा. ‘कंपनीच्या प्रगतीत हातभार लावणे’ अशा उद्दिष्टापेक्षा अशी एक ओळ वजनदार ठरते.

गैरसमज ४ : अनुभव थोडा वाढवला तर कळत नाही.
वस्तुस्थिती : पीएफ कापला जात असेल तर १२ अंकी यूएएनवर (पीएफ सदस्याच्या क्रमांकावर) नोकरीत लागल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा नोंदलेल्या असतात. पडताळणीत तफावत निघाली तर हातातली ऑफरही जाऊ शकते. मधे खंड पडला असेल तर कारण एका ओळीत खरे सांगा.

अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा : मुलाखतीत यावर मला दोन मिनिटे बोलता येईल का? ज्या ओळीवर येत नाही, ती काढून टाका.