सरपंचाची माणसं

ग्रामपंचायत जवळून : लेखांक सातवा

निवडणुकीचा गुलाल अंगावरून अजून धुतलेला नसतो, तोवर नव्या सरपंचाच्या दारात पहिला माणूस उभा राहतो. त्याला दाखला हवा असतो. सरपंच उत्साहाने म्हणतो, "चला ऑफिसात." ऑफिसात गेल्यावर कळतं की दाखल्याचं पुस्तक कपाटात, कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवक आज शेजारच्या गावी. त्या गावाचाही कार्यभार त्याच्याकडेच आहे.

मागच्या लेखांकात आपण सरपंचाचे अधिकार पाहिले. ते ज्यांच्या हातून चालतात, त्यांतले सरपंचाचे खरोखर किती, हे आज पाहू.

ग्रामसेवक हा १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायतीचा सचिव. मात्र त्याची नेमणूक, बदली, पगार सगळं जिल्हा परिषदेकडे. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे नाव आलं. गाव अजून 'भाऊसाहेब' म्हणूनच हाक मारतं. इतिवृत्त लिहायचं, रोकडवही ठेवायची, नमुना १ ते ३३ अशी दप्तरं सांभाळायची, हे काम त्याचं. नवख्या सरपंचाला नमुना ८ म्हणजे घरांची कर आकारणी आणि नमुना ९ म्हणजे कराची मागणी, एवढं समजेपर्यंत वर्ष जातं. तोवर भाऊसाहेब सांगतील ते खरं.

वित्त आयोगाचा निधी खर्च करायला दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्यासाठी दोन डोंगल : एक ग्रामसेवकाचं, एक सरपंचाचं. दोन कुलपं असावीत, एकट्याला पैसे काढता येऊ नयेत, हा हेतू. पण दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये पडलेली मी पाहिली आहेत. महिला सरपंचाचं डोंगल नवऱ्याच्या खिशात असल्याचंही पाहिलं आहे. अशा ठिकाणी सही बाईंची, कारभार दुसऱ्याचा, आणि चौकशी लागली की नोटीस मात्र बाईंच्या नावाने.

संगणकावर बसलेला मुलगा किंवा मुलगी म्हणजे संगणक परिचालक. २०११ च्या सुमारास 'संग्राम' प्रकल्पातून ही माणसं गावोगाव आली, पुढे त्याचं 'आपले सरकार सेवा केंद्र' झालं. जन्माच्या दाखल्यापासून आराखड्याच्या ऑनलाइन नोंदीपर्यंत सगळं यांच्याच बोटांखालून जातं. तरी ते ना पंचायतीचे, ना जिल्हा परिषदेचे. कंत्राटावरचं हे काम, त्यात मानधन रखडतं, मग आझाद मैदानावर मोर्चा निघतो. तलाठ्याचं तर बोलायलाच नको. तो महसूल खात्याचा. सातबाऱ्यासाठी सरपंचाशी भांडणारे लोक चुकीच्या खिडकीवर उभे असतात.

मग सरपंचाच्या पंचायतीने स्वतः नेमलेलं कोण? शिपाई, सफाई कामगार, वसुली करणारा कारकून आणि पाणी सोडणारा.

पाणी सोडणाऱ्याचा दिवस लाईटवर ठरतो. लाईट रात्री दोनला आली तर दोनला उठून मोटार चालू करायची. टाकी भरली की पहाटे अंधारात वॉल्व्हच्या खड्ड्यात हात घालून चावी फिरवायची. आधी वरची आळी, मग खालची. वरच्या आळीला दहा मिनिटं जास्त गेली तर खालची आळी त्याच्या घरी येते, सरपंचाच्या नव्हे. टीसीएल पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसला की वरची निवळी टाकीत ओतायची. मग अगदी शेवटच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन क्लोरिन तपासायच्या 'ओटी' द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरिन पोचलं. पांढरंच राहिलं तर पावडर कमी पडली, किंवा जुनी होऊन तिचा जोर गेला. पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ येते की नाही, ते बरंचसं या थेंबांवर ठरतं.

सरपंचाचा हुकूम थेट चालतो तो या लोकांवर, आणि सगळ्यांत कमी पैसे यांनाच मिळतात. म्हणून सत्ता बदलली की पहिली कुऱ्हाडही यांच्यावरच पडते : हा आधीच्या पार्टीचा, काढा याला. नवा माणूस येतो आणि कुठला वॉल्व्ह कुठे गाडला गेलाय हे शोधण्यात महिना घालवतो. माझ्या मते कुठल्याही नव्या सरपंचाने पहिलं वर्षभर पाणीवाल्याला हात लावू नये.

पंचायतीच्या या कर्मचाऱ्यांना किमान वेतन लागू आहे. त्यातला काही वाटा शासनाचा, उरलेला पंचायतीचा. शासनाचा वाटाही करवसुलीच्या टक्केवारीशी बांधलेला, म्हणून ही अट काढा, अशी कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. वसुली घसरली की दोन्हीकडून मार बसतो : पंचायतीची तिजोरी रिकामी, आणि वरून येणारी रक्कमही कमी.

तेव्हा घरपट्टी, पाणीपट्टी थकली असेल तर मार्चअखेरची वाट पाहू नका. या आठवड्यात भरा आणि पावती मागून घ्या.