शाळेचा दूरचित्रवाणी संच आणि वायफायची जोडणी

गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु नीराकाठच्या शिरवळसारख्या गावात अखेरचा टप्पा अडतो तो वर्गाच्या भिंतीपाशी. ऐन पाठाच्या वेळी स्मार्ट दूरचित्रवाणी संच 'जोडणी नाही' असे दाखवतो, मुले ताटकळतात आणि संच सदोष ठरवून झाकून ठेवला जातो. वास्तविक पुष्कळदा संच निर्दोष असतो.

प्रथम संचाजवळ उभे राहून त्याच वायफायवर मोबाइल चालवून पाहावा. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा; एरवी ही परीक्षा फसवी ठरते. मोबाइलही अडला, तर राउटरची वीज अर्धा मिनिट तोडून पुन्हा जोडावी व दोन-तीन मिनिटांनी संच सुरू करावा.

राउटर मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि संच दोन भिंतींपलीकडे, ही मांडणी नित्याची. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतीत लवकर क्षीण होतात, तेथे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी निवडाव्यात. राउटर लोखंडी कपाटापासून दूर, उंचावर असावा.

मोबाइल चालतो, संच मात्र नाही, अशा वेळी संचातील जुना परवलीचा शब्द पुसून नवा भरावा. संचातील दिनांकही तपासावा. तो चुकीचा असल्यास वायफाय जोडलेले दिसूनही चित्रफीत उघडत नाही, कारण संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संच एकाच वर्गात कायम राहणार असेल, तर सरळ तार ओढावी. ती १०० मीटरपर्यंत चालते.