गाणारी मुले घरी उतरतात तेव्हा...

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या मंदिरात नंदी समोर नसून पाठीमागच्या बाजूस आहे. त्यामागची आख्यायिका मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे. संत नामदेव देवळासमोर कीर्तनास उभे राहिले, तेव्हा त्यांना तेथून हटविण्यात आले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. इतिहासाच्या कसोटीवर ती कशीही ठरो. गात आलेल्या पाहुण्याला गावाने कसे वागवावे, हा प्रश्न या कथेने सात शतके जागा ठेवला आहे.

तो प्रश्न आजही गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात उभा राहतो. कीर्तनकारांच्या मागे टाळ घेऊन उभी राहणारी पुष्कळ मुले वारकरी शिक्षण संस्थांतील असतात. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. म्हणजे अनोळखी घरचे अन्न हा शिक्षणाचाच भाग होता. सप्ताहात या मुलांचा मुक्काम बहुधा देवळात किंवा शाळेत असतो, जेवणासाठी मात्र अनेक ठिकाणी त्यांना घरे वाटून दिली जातात. पाश्चात्त्य देशांत दौऱ्यावरील बालगायकवृंदांना यजमान कुटुंबांत उतरविण्याची पद्धत आहे. युगांडातील मुलांना घेऊन १९८४ साली सुरू झालेल्या ‘आफ्रिकन चिल्ड्रन्स क्वायर’चे दौरेही अशाच घरांच्या आधारावर झाले. देश निराळा, पण दारात उभे असलेले मूल सारखेच.

या मुलांचा दिवस पहाटेच्या काकड्याने सुरू होतो. मग पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. घरी येते ते दमलेले मूल. यजमान मंडळी नेमकी येथेच चुकतात. जेवण होताच ‘एक अभंग होऊन जाऊ दे’ असा आग्रह सुरू होतो, शेजारीपाजारी बोलावले जातात. वस्तुतः घसा दिवसभर राबलेला असतो. कोमट पाणी, साधे वरण-भात आणि लवकर अंथरूण, एवढाच खरा पाहुणचार. तळणीचे ताट यजमानाच्या हौसेसाठी असते, मुलाच्या घशासाठी नव्हे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागलेला असेल तर त्याची थट्टा करू नये. कालपर्यंत त्याला मिळणारी शाबासकी त्या आवाजापायी हिरावली जात असते आणि ते त्याला कळत असते.

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या मुलाचे खाण्याचे नियम आधीच विचारून घ्यावेत. ताट वाढल्यावर विचारले की ते मूल संकोचाने उपाशी उठते. एक प्रश्न मात्र विचारूच नये, तो म्हणजे जातीचा. ‘कुणाचा रे तू? आडनाव काय?’ या चौकशीचा रोख दहा वर्षांच्या मुलालाही उमगतो. औंढ्याच्या कथेतील नामदेव शिंपी होते, हे येथे विसरता येत नाही.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. माणसे ओळखीची आहेत, देवाचे काम आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. एका घरी एकटे मूल कधीही धाडू नये. किमान दोघे असावेत. कोणते मूल कुणाकडे आहे याची यादी आयोजकांजवळ हवी आणि मुलांजवळ आपल्या शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक. झोपण्याची जागा स्वतंत्र, पण हाकेच्या अंतरावर असावी. रोज आई-वडिलांशी बोलणे करून द्यावे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ साली झाला. घर यजमानाचे असो की संस्थेचे, तो सर्वत्र लागू आहे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी मुलांना तोंडपाठ असावी. अशी विचारणा झाल्यास सज्जन यजमानाने अपमान मानण्याचे कारण नाही.

निरोप देताना मुलाच्या हातात परस्पर पैसे ठेवू नयेत, ते शिक्षकांकडे द्यावेत. एकाला मिळाले आणि दुसऱ्याला नाही, की परतीच्या वाटेवर त्याचीच चर्चा होते. आणि पाहुणा पखवाज वाजविणारा असेल तर जाण्यापूर्वी तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळेल. वाद्याच्या डाव्या तोंडाला लावण्यासाठी त्याला गव्हाच्या मळलेल्या कणकेचा गोळा हवा असतो, आणि तो मागण्याचा त्याला संकोच वाटतो.