४२ वर्षांची आत, २२ वर्षांची बाहेर! अमेरिकेच्या महिला बास्केटबॉल संघात गार्ड कशी निवडतात?

पॅरिस ऑलिम्पिक, ११ ऑगस्ट २०२४. महिला बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने फ्रान्सला ६७-६६ असं हरवलं. फक्त एका गुणाने! शेवटच्या क्षणी फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने लांबून मारलेला चेंडू जाळीत गेला, पण तिचा पाय रेषेवर होता. तीनऐवजी दोनच गुण मिळाले, नाहीतर सामना जादा वेळेत गेला असता. अमेरिकेचं सलग आठवं सुवर्ण थोडक्यात वाचलं. पण गार्डच्या निवडीवरून सुरू झालेला वाद काही मिटला नाही.

गार्ड म्हणजे काय?
चेंडू घेऊन येणारी आणि चाल ठरवणारी खेळाडू. आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं, चोवीस सेकंदांत बास्केटवर चेंडू टाकायचा. तेवढ्यात पास कुणाला द्यायचा, हे तिनेच बघायचं. नुसते गुण करणारी इथे पुरत नाही.

वाद कशावरून?
पाच ऑलिम्पिक सुवर्णं जिंकणारी गार्ड सू बर्ड २०२२ मध्ये निवृत्त झाली. कॉलेज बास्केटबॉलमध्ये ३,९५१ गुणांचा विक्रम करणारी २२ वर्षांची केटलिन क्लार्क आता संघात येणार, असं अनेकांनी धरलं होतं. निवड झाली नाही. वरिष्ठ संघाचा अनुभव नाही, हे कारण पुढे आलं. एप्रिलच्या शिबिरालाही ती कॉलेजच्या सामन्यांमुळे जाऊ शकली नव्हती. जागा बाराच, त्यामुळे कारण अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. पण त्याच बारा जणींत ४२ वर्षांची डायना टॉरासी होती, आणि अंतिम सामन्यात ती एक मिनिटही खेळली नाही.

आता २००४ चं अथेन्स ऑलिम्पिक बघा. अनुभवी गार्ड होती डॉन स्टेली. तिच्यासोबत २३ वर्षांची बर्ड आणि कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली टॉरासी. टॉरासीचं वय तेव्हा २२ च होतं! जुनी असतानाच नवी सोबत नेली, म्हणून स्टेली गेल्यावर संघाचं अडलं नाही. कबड्डीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

टॉरासीही २०२५ मध्ये निवृत्त झाली. त्याच वर्षी संघ बांधायची जबाबदारी सू बर्डकडे आली. प्रशिक्षक कारा लॉसन हीसुद्धा २००८ च्या सुवर्णविजेत्या संघातली गार्ड. क्लार्कसोबत आता पेज ब्यूकर्सचंही नाव आहे. सप्टेंबर २०२६ चा विश्वचषक बर्लिनला, तर २०२८ चं ऑलिम्पिक घरच्याच मैदानावर, लॉस एंजेलिसला.