संगणकाच्या पडद्यामागील थर

संगणक सुरू होताच पडद्यावर खिडक्या, चित्रे व बाणाकृती दर्शक दिसू लागतो आणि हीच कार्यप्रणाली, अशी आपली समजूत होते. ज्या संगणकावर हे सर्व एकाच कंपनीने एकत्र बांधून दिलेले असते, तेथे या समजुतीने फारसे काही बिघडत नाही. लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीची गोष्ट मात्र निराळी आहे. लिनक्स हे नाव काटेकोरपणे पाहता केवळ गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे आहे. कोणती कळ दाबली गेली, माऊस किती सरकला, हे कर्नेल कळविते. पडद्यावर ठिपके उमटविण्याची सोयही तेच करून देते. परंतु खिडकी म्हणजे काय, हे त्यास ठाऊक नसते. म्हणूनच पडद्यावाचून चालणारे असंख्य संगणक या गाभ्यावर सुखेनैव काम करीत असतात.

खिडकी ही कल्पना येते ती वरच्या थरातून. हा थर दीर्घकाळ 'एक्स' नामक प्रणालीने सांभाळला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत 'अथेना' प्रकल्पाच्या निमित्ताने 1984 साली बॉब शाइफ्लर व जिम गेटीस यांनी ती घडविली. तेथे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे होती आणि एका यंत्रावर चालणारा कार्यक्रम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसावा, अशी निकड होती. म्हणून कार्यक्रम आणि पडदा यांची फारकत करण्यात आली. पडदा, कळफलक व माऊस ज्याच्या ताब्यात तो 'सर्व्हर'. आणि 'मला येथे एक चौकट काढून दे' अशी विनंती करणारा प्रत्येक कार्यक्रम हा त्याचा 'क्लायंट'. सर्व्हर म्हणजे दूर कोठे तरी असलेले मोठे यंत्र, अशी सवय झालेल्या वाचकास हे उलटे वाटेल. पण येथे सर्व्हर आपल्या मेजावर असतो. 1987 साली निघालेली या प्रणालीची अकरावी आवृत्ती पुढे अनेक दशके टिकून राहिली.

खिडकीला मथळ्याची पट्टी असावी की नसावी, ती कोठे उघडावी, हे एक्स ठरवीत नाही. साधने द्यावीत, धोरण लादू नये, असे तिच्या कर्त्यांचे सूत्र होते. ते काम 'विंडो मॅनेजर' या स्वतंत्र कार्यक्रमाकडे असते. तो बंद पडला तर खिडक्या नाहीशा होत नाहीत. पट्ट्या तेवढ्या गळून पडतात आणि खिडकी हलविण्याचे नेहमीचे साधन हातचे जाते.

या स्वातंत्र्याची किंमतही द्यावी लागली. प्रत्येक कार्यक्रमाची बटणे निराळी, मेनू निराळे. हा विसंवाद दूर व्हावा म्हणून जर्मनीतील ट्युबिंगन विद्यापीठाचा विद्यार्थी मथियास एट्रिख याने ऑक्टोबर 1996 मध्ये 'केडीई' प्रकल्प आरंभिला. त्याने निवडलेला 'क्यूटी' हा साहित्यसंच त्या वेळी पूर्णतः मुक्त नव्हता. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या कारणावरून वाद पेटला आणि 1997 साली मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' हा दुसरा प्रकल्प उभा केला. 2000 साली क्यूटी मुक्त परवान्याखाली आला. तोवर दोन घरे कायमची वेगळी झाली होती.

अक्षरे काढण्याचे कामही असेच एका थरातून दुसऱ्यात गेले. पूर्वी कार्यक्रम अक्षरांची ओळ पाठवी आणि सर्व्हर ती आपल्याजवळील टंकांतून उमटवी. रोमन लिपीला ते पुरे होते. 'कि' लिहिताना मात्र साठवणीत आधी 'क' व नंतर ऱ्हस्व वेलांटी असते, पडद्यावर वेलांटी आधी दिसते; जोडाक्षरांची गोष्ट तर विचारूच नये. ही जुळणी कार्यक्रमाच्या बाजूला, 'पँगो' व 'हार्फबझ' यांसारख्या ग्रंथालयांकडे आली, तेव्हा देवनागरी नीट दिसू लागली.

एक दोष मात्र मुळातच होता. एक्सने सर्व क्लायंटांना विश्वासू मानले. परिणामी आपण एका खिडकीत परवलीचा शब्द टंकित असता दुसऱ्या खिडकीतील कार्यक्रम त्या कळा टिपू शकतो, आणि तसे करताना त्यास कोणतेही कुलूप फोडावे लागत नाही. एकाच संस्थेतील ओळखीच्या माणसांत हे खपून गेले. कोठूनही कार्यक्रम उतरवून घेण्याच्या काळात ते खपणे शक्य नव्हते.

क्रिस्तियान ह्योग्सबर्ग याने 2008 साली सुरू केलेल्या 'वेलँड'ने ही रचनाच बदलली. येथे प्रत्येक कार्यक्रम आपले चित्र स्वतः रंगवून देतो. सर्व चित्रे एकत्र रचणारा 'कंपोझिटर' हाच सर्व्हर आणि तोच विंडो मॅनेजर. कळ ज्या खिडकीसाठी दाबली, तिलाच ती कळते. पडद्याचे छायाचित्र घेणेही त्यामुळे पूर्वीसारखे सोपे राहिले नाही. त्यासाठी रीतसर परवानगी मागावी लागते, आणि कित्येक जुनी उपयुक्त साधने त्यापायी अडून बसली. ही तक्रार अगदीच अनाठायी नव्हे. जुने कार्यक्रम 'एक्सवेलँड' या मध्यस्थामार्फत चालविता येतात. परंतु त्या मध्यस्थाच्या छत्राखाली ते एकमेकांच्या कळा अजूनही ऐकू शकतात.