भांड्यावरचं गाव

१९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये टाटा आणि स्टारबक्स यांचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. कॉफीबरोबर एक छंदही इथे पोचला, शहराच्या मगांचा. शहराचं नाव आणि तिथल्या ओळखीच्या वास्तू रंगवलेले हे मग अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झाले. २०१३ मध्ये ‘यू आर हिअर’ ही मालिका आली, पुढे तिची जागा ‘बीन देअर’ने घेतली. मालिका बदलली की जुना मग दुकानातून जातो आणि संग्राहकांचा शोध सुरू होतो. मुंबईच्या मगाचंही तेच झालं.

या छंदाची मुळं मात्र कॉफीच्या दुकानाहून बरीच जुनी आहेत. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या गावी विल्यम हेन्री गॉस यांचा कारखाना होता. १८८०च्या दशकात त्यांचा मुलगा अडॉल्फस याने चिनी मातीच्या छोट्या भांड्यांवर गावोगावची मानचिन्हं रंगवण्याची कल्पना काढली. विक्रीची अट मोठी हुशारीची होती. ज्या गावाचं चिन्ह, त्याच गावच्या विक्रेत्याकडे ते भांडं मिळायचं. रेल्वेने सहलीला जाणारा मध्यमवर्ग तिथे प्रत्यक्ष जाऊन ते आणू लागला, आणि १९०४ मध्ये या संग्राहकांचा संघही उभा राहिला.

स्मरणाच्या पेल्याची एक काळी कथाही आहे. मे १८९६ मध्ये झार दुसऱ्या निकोलसच्या राज्याभिषेकानिमित्त मॉस्कोच्या खोदिंका मैदानावर खाऊबरोबर एनॅमलचा पेला वाटायचा होता. पेले पुरणार नाहीत अशी आवई उठली, लोटालोटी झाली आणि तेराशेहून अधिक माणसं चिरडून मेली. राजचिन्ह आणि १८९६ हा आकडा असलेला तो पेला ‘दुःखाचा पेला’ म्हणूनच ओळखला जातो.

महाराष्ट्राने नाव-गावाचं भांडं कधी बाहेरून मागवलं नाही. ते घरातच होतं.

लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेला तांब्या, पेला, परात नाव घातल्याशिवाय द्यायची नाही, ही रीत पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर-बारामती भागात आजही लोकांच्या अंगवळणी आहे. लोणी देवकरसारख्या गावातलं जुनं पितळी भांडं उलटंसुलटं करून पाहिलं तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं सापडतात: देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, ‘सप्रेम भेट’, मु. पो., तालुका आणि तारीख. छोट्या छिन्नीवर हातोडीचे हलके घाव घालत एकेक ठिपका उमटवला जायचा. पुढे विजेचं मशीन आलं, अक्षरं सलग झाली आणि भांड्यांच्या दुकानांत ‘नाव टाकून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. गावकीच्या मोठ्या पातेल्यांवर सगळ्या गावाचं नाव असायचं. लग्नकार्याला बाहेर गेलेलं भांडं परत यावं, हा त्यातला साधा व्यवहार होता.

पुण्यात या धातुकामाची पेठ म्हणजे कसब्यातली तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी ती वसवली. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्यावर चमकत्या खळ्या उठवायचं मठारकाम ही तिथली खूण.

मग स्टील आलं. साठ-सत्तरच्या दशकांत कल्हईची कटकट नसलेली, चकचकीत, हलकी भांडी घरोघरी पोचली. दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलचं भांडं देई. तांबं-पितळ मोडीत गेलं, त्याच्याबरोबर त्यावर घातलेली नावंही वितळली. गॉसच्या भांड्यांना संघ होता, यादी होती. इथल्या भांड्यांना वजनाचा भाव तेवढा मिळाला.

लोणी देवकरच्या परिसरात या नुकसानीला आणखी एक बाजू आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या ११७ टीएमसी क्षमतेच्या यशवंतसागर जलाशयात इंदापूर, करमाळा, दौंड, माढा या तालुक्यांतली गावं गेली. जवळचंच पळसदेव त्यांपैकी एक. गाव वर सरकलं, पुणे-सोलापूर महामार्गालगत नव्याने वसलं. जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यातच राहिलं, आणि कोरड्या सालच्या उन्हाळ्यात पाणी हटलं की शिखर, मग मंडप उघडा पडतो. विस्थापितांनी घराचे वासे, दारं आणि भांडी बरोबर नेली. १९८०च्या आधी नाव घातलेल्या एखाद्या तांब्यावर ‘मु. पो. पळसदेव’ असेल तर तो पत्ता आज जलाशयाच्या तळाशी आहे. संग्राहकाच्या भाषेत याहून दुर्मीळ काय असणार?

अशा वस्तूंची किंमत ओळखणारा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभं केलं. १९७५ मध्ये ते शासनाच्या स्वाधीन केलं. २० हजारांच्या आसपास वस्तूंचा हा संग्रह रोजच्या वापरातल्या जिनसांनाही काचेच्या कपाटात जागा देतो.

आता तालुक्याच्या गावचा फोटो स्टुडिओही मग छापून देतो. लेप दिलेला पांढरा मग, खास शाईने छापलेला कागद आणि यंत्रातली काही मिनिटांची उष्णता एवढंच लागतं. एकच मग हवा असला तरी मिळतो. म्हणजे इंदापूर तालुक्याचा स्वतःचा मग निघायला कुठल्या कंपनीची वाट पाहायला नको. मालोजीराजांची इंदापूरची गढी, नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर, वालचंदनगर, भिगवण-कुंभारगावच्या पाण्यात हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, पालखीतलं रिंगण आणि पळसनाथाचं शिखर, एवढा ऐवज फार थोड्या शहरांच्या मगांवर असेल. पक्षी पाहायला येणाऱ्यांना नावेतून फिरवणारे स्थानिक मच्छीमार आणि गावातले बचत गट यांच्या हातून तो विकला गेला, तर गॉसची अटही आपोआप पाळली जाईल: इथे आल्याशिवाय मिळणार नाही.

त्याआधी एक काम मात्र लगेच व्हायला हवं. इंदापूर-बारामतीच्या बाजारात पितळ मोडीत घालण्यापूर्वी घरातल्यांनी काठाखालची अक्षरं वाचावीत, मोबाइलवर फोटो काढावा, नाव-गाव-साल वहीत उतरवून घ्यावं. शाळांनी मुलांना हाच प्रकल्प दिला तर एका सुट्टीत धरणात गेलेल्या गावांच्या पत्त्यांची यादी तयार होईल, आणि ज्यांना ती भांडी कुणी दिली हे आठवतं ती आजी-आजोबांची पिढी आज ही यादी तपासून द्यायला घरात आहे.