राजाकडचे अर्ज थांबले तेव्हा
अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींनी स्वतंत्र व्हावे असे सांगणारे थॉमस पेनचे ‘कॉमन सेन्स’ हे पत्रक १० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियात निनावी छापले गेले. त्यातले विचार फारसे नवे नव्हते. वसाहतींच्या काँग्रेसमधला स्वातंत्र्यवादी नेता जॉन अ‍ॅडम्स याचा आक्षेप नेमका हाच होता, आणि तो खराही आहे. माझ्या मते पेनने बदलला तो श्रोता. त्याआधीची पत्रके बहुधा वकिली वळणाची: वसाहतींवर कर बसवण्याचा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटला आहे का, याचा कीस काढणारी, आणि राजाला मात्र सांभाळून घेणारी. पेन थेट राजेशाहीवरच घसरला. इस्रायली लोकांनी शमुवेलाकडे राजा मागितल्याची बायबलमधली कथा त्याने पुराव्यादाखल मांडली, कारण ती घरोघरी ठाऊक होती. बेटाने खंडावर राज्य करावे हे विपरीत आहे, हा त्याचा मुद्दा कळायला लॅटिनची गरज नव्हती.

कोणी म्हणेल, लोकांना स्वातंत्र्याकडे वळवण्याचे काम तर लढाईनेच केले होते. पत्रकाचे कौतुक कशाला? लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैन्य आणि वसाहतवासी यांच्यात एप्रिल १७७५ मध्येच गोळीबार झाला होता, हे खरे. पण त्यानंतरही, जुलैमध्ये, काँग्रेसने समेटासाठी राजाकडे विनंतिअर्ज धाडलाच. म्हणजे संताप होता, निष्कर्ष नव्हता. अर्थात, वसाहतींना बंडखोर ठरवणारे राजाचे भाषण पत्रकाच्याच सुमारास फिलाडेल्फियात पोचले, हा पेनला मिळालेला मोठाच योग. तो नाकारण्यात अर्थ नाही. खपाचे लाखांतले आकडे पेनचे स्वतःचे, त्यामुळे जरा जपूनच घ्यावेत. पण पत्रकाचा परिणाम आकड्यांशिवायही दिसतो: अ‍ॅडम्सला पेनची राज्यव्यवस्थेची योजना इतकी खटकली, की त्याच वर्षी त्याने स्वतःचे पत्रक काढले.